वर्गातले मित्र काय करू शकतात?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या उत्सवातील भाषण)



आरती झाली आहे, प्रसाद वाट पाहतोय, म्हणून थोडक्यात बोलतो. विषय जरा अवघड आहे : शाळेत मुलींना होणारा त्रास, आणि तो थांबवण्यात वर्गमित्रांचा वाटा.

आधी माझंच सांगतो. आठवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा एका मुलीच्या चालण्याची रोज नक्कल करायचा. आम्ही सात-आठ जण हसायचो. मी तिला कधी काही बोललो नाही, त्यामुळे स्वतःला सभ्य समजत होतो. सहामाहीनंतर ती शाळेत यायची बंद झाली. का, ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. आज कळतं, ती नक्कल आमच्यासाठी चालली होती. आमच्यातले दोघे जरी हसायचे थांबले असते, तरी त्याचा उत्साह मावळला असता.

मुंबईत ही गोष्ट काहींनी ओळखली. हरीश सदानी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘मावा’ ही पुरुषांचीच संस्था काढली, स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध. २००६ पासून ‘युवा मैत्री’ उपक्रमात त्यांनी कॉलेजच्या मुलांना तयार केलं, ते इतर मुलांशी बोलावेत म्हणून. २००८ मध्ये ‘कोरो’, टाटा समाजविज्ञान संस्था आणि एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं महापालिकेच्या शाळांत ‘जेम्स’ कार्यक्रम सुरू केला. सहावी-सातवीची मुलं-मुली खेळ, नाटुकली आणि चर्चा यांतून या विषयावर बोलू लागली. वय मुद्दाम लहान निवडलं होतं. नंतर मतं घट्ट होतात.

इथं बंगळूरला आपली अडचण आणखी वेगळी. मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत कानडी-इंग्रजीची खिचडी. तिथले टोमणे आपल्या कानावर येतच नाहीत. ते ऐकतो शेजारच्या बाकावरचा मित्र.

त्यानं मारामारी करावी असं मी म्हणत नाही. त्यानं हसू नये, विषय बदलावा, मोबाइलवर आलेला फोटो पुढं पाठवू नये, त्या मुलीबरोबर बाईंकडे जावं, ‘मी पाहिलंय’ म्हणावं. एवढं केलं तरी त्याला ‘बायल्या’ म्हणतील, ही भीती खरी आहे. पण तो शब्द तो शिकला कुठं? ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे आपल्याच घरातलं वाक्य ना?

आणि अंगाला हात लावण्यासारखा प्रकार असेल तर मुलांनी आपसात मिटवायचा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा समजल्यावर पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबरही पाठ करून द्या.

उद्या चित्रकला स्पर्धेनंतर मी मुलांशी तासभर गप्पा मारणार आहे. मुलींना पाठवालच, मुलग्यांना आवर्जून पाठवा.

गणपती बाप्पा मोरया!