दाताचे बळ मुळाशी असते
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात पनवेल येथे दिलेले व्याख्यान)



'आपला धंदा आणि पुढील पिढी' ह्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. असल्या विषयावर गतवैभवाचे गोडवे गाऊन टाळ्या मिळविणे सोपे असते. परंतु आम्ही आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविले. तेव्हा जिचा हिशेब मांडता येईल अशी एकच लहानशी वस्तू आज आपणांपुढे ठेवतो. ती वस्तू म्हणजे दंतचक्राचा, कारखान्यात ज्याला गिअर म्हणतात त्याचा, एक दात.

आरंभ मात्र आपल्या अंगणातूनच करू. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि दख्खनचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरास उतरू लागला. गाड्यांची चाके घडविणे हा त्या काळी ह्या गावचा नावाजलेला धंदा होता. ते चाक डोळ्यांपुढे आणा. आरा तुंब्यात शिरतो तेथे तो भरदार ठेवीत. कारण मोडतो तो तेथेच. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घेत, लालबुंद तापवून ती पसरली की चाकावर चढवीत आणि वर पाणी ओतीत. निवताना धाव आवळली जाई आणि लाकडाचे सर्व सांधे एकमेकांत घट्ट दाबले जात. ह्या कृतीत दोन नियम आहेत. जेथे भार मोठा तेथेच माल ठेवावा, हा पहिला. आणि जी वस्तू आधीच दाबून धरली आहे ती ओढ बसली तरी सहजी उकलत नाही, हा दुसरा. आजचा उत्तम गिअर ह्याच दोन नियमांवर उभा आहे, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

कळंबोलीहून लोखंड भरलेला ट्रक खोपोलीच्या पुढे घाट चढू लागला की चालक खालचा गिअर टाकतो. त्या वेळी इंजिनाचा सगळा जोर एका चक्राकडून दुसऱ्याकडे जातो तो कोणत्याही क्षणी फक्त एकदोन दातांवरून. दात ही भिंतीत ठोकलेली खुंटीच होय. खुंटीच्या टोकास भार लावला तर ती मुळाशी मोडते. १८९२ साली विल्फ्रेड लुईस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने दाताला अशीच खुंटी मानून त्याच्या बळाचे सूत्र मांडले आणि पुढील सर्व गणिताचा पाया तेथे घातला गेला.

त्या सूत्रातला मुख्य हिशेब शाळकरी मुलासही समजेल. चक्राची रुंदी एक दशांशाने वाढविली तर बळ एक दशांशाने वाढते, पण वजनही तितकेच वाढते. उलट दाताची मुळाशी असलेली जाडी एक दशांशाने वाढविली तर बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१ चा वर्ग १.२१, म्हणजे शेकडा २१ बळ अधिक, आणि वजनात फरक नाममात्र. बळकट म्हणजे अवजड, ही समजूत येथे खोटी ठरते.

मग मूळ जाड करावे कसे? मार्ग मुख्यतः तीन. दात एकमेकांस ज्या कोनात रेटतात त्यास दाबकोन म्हणतात. तो पूर्वी साडेचौदा अंश असे, पुढे वीस अंश रूढ झाला आणि भारी कामासाठी पंचवीस अंशही घेतात. कोन वाढला की दाताचे बूड रुंदावते. मात्र टोक अणकुचीदार होते आणि बेअरिंगवरील दाब वाढतो, म्हणून हाही उपाय बेतानेच करावा लागतो. दुसरा मार्ग लहान चक्राचा. वीस अंशांच्या सरळ दातांचे चक्र सतराहून कमी दातांचे असेल, तर कापणारे हत्यार दाताचे मूळच कोरून टाकते. हत्यार थोडे बाहेर सरकवून कापले तर मूळ वाचते, उलट अधिक भरदार होते. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त: दोन दातांमधील खाच टोकदार न ठेवता तिला पूर्ण गोलाई द्यावी. तडा नेहमी कोपरा शोधतो. कोपराच ठेवला नाही तर त्याने शिरावे कोठून?

दातांच्या संख्येचे महत्त्व रेल्वेत उत्तम दिसते. कर्जतच्या पुढे, १८६३ साली खुल्या झालेल्या घाटमार्गाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. आपल्या रेल्वेचे डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे विद्युत इंजिन आणि त्याच्याच आराखड्यावरून काढलेले डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाडीचे इंजिन ह्यांतील एक प्रमुख भेद दातांचा आहे. पहिल्यात ७७ आणि १५ दातांची जोडी, दुसऱ्यात ७२ आणि २० ची. दोन्हींची बेरीज ९२! दातांचे माप तेच धरले तर बेरीज तीच राहिल्याने दोन चक्रांच्या केंद्रांतील अंतर बदलत नाही. पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्यास मोटारीचे ५.१३ फेरे होतात, म्हणून ओढ अधिक, दुसऱ्यात ३.६ होतात, म्हणून वेग अधिक.

आता दुसरा नियम, दाबून धरण्याचा. आपल्या वाडवडिलांनी कोयत्याच्या धारेला पाणी दिले. धार कठीण केली, पण पाठ चिवट ठेवली. गिअरला असेच करतात. शेकडा सुमारे ०.२ कर्ब असलेले पोलाद नऊशे अंशांहून अधिक तापवून कर्बयुक्त वायूत कित्येक तास ठेवतात. कर्ब वरच्या थरात मुरतो. मग ते तेलात विझवितात. वरची जेमतेम एक मिलिमीटरची साल काचेसारखी कठीण होते, गाभा चिवट राहतो. शिवाय विझताना ती साल फुगू पाहते आणि गाभा तिला धरून ठेवतो. त्यामुळे साल कायमची दाबाखाली राहते. धावेने लाकूड आवळावे तसेच हे! वर पोलादाचे बारीक छर्रे जोराने मारले की हा दाब आणखी वाढतो, आणि दाबलेल्या सालीत तडा सहसा धरत नाही.

वजन उतरवावयाचे ते दातांचे नव्हे, चक्राच्या पोटाचे. पोट पातळ करतात, त्यात भोके पाडतात. मात्र दातांखालील कड दाताच्या उंचीच्या निदान १.२ पट राखावी असा सर्वमान्य संकेत आहे. त्याहून ती पातळ झाली तर तडा दात सोडून थेट चक्रात उतरतो.

दाताच्या दोन्ही बाजू सारख्याच का असाव्यात, असाही प्रश्न अभियंत्यांनी केला. रशियन टीव्ही७-११७ ह्या विमानइंजिनाच्या गिअरबॉक्समध्ये दोन बाजू निरनिराळ्या ठेवलेले दात वापरले गेले, कारण तेथे जोर प्रायः एकाच बाजूने येतो. आपल्या ट्रकला मात्र घाट चढताना एक बाजू लागते आणि उतरताना इंजिनाने वेग आवरावयाचा तर दुसरी. जसे काम तसा दात, हाच त्याचा बोध.

बंधूंनो, हे सारे कशासाठी सांगितले? आपला शिष्यवृत्तीचा निधी आजवर फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांस मिळत आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यंत्रकाम शिकणारा, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये जाऊ इच्छिणारा मुलगा अर्ज करण्यासही लाजतो. आणि त्याचे आईबापही धंद्याचे नाव चारचौघांत चोरून घेतात. इकडे मुंब्र्याला, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, मोटारींचे गिअर तयार होतात. विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या. त्यांच्या मोटारी मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने दाताची बारीकशी कुरकुरही प्रवाशाच्या कानी येते. असा दात घडविणारा हात दुय्यम कसा?

हे कौशल्य रक्तातून येते असे आम्ही मुळीच मानीत नाही. ते जाणत्याच्या हाताखाली राहूनच येते. पूर्वी तो जाणता घरात, भात्याशी बसलेला असे; आज तो प्रशिक्षणशाळेत आहे, आणि तेथे जाण्यास फी, प्रवास व राहण्याचा खर्च लागतो. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत निधीचा अर्धा भाग अशा शिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. त्यात मुलींचा वाटा मुलांइतकाच असावा. घणाचे बळ आता यंत्राने उचलले आहे. उरले आहे ते माप, नजर आणि चिकाटी, आणि ह्या तिन्हींत मुली उण्या नाहीत हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

समाजाचेही दातासारखेच आहे. नुसते आकारमान वाढवून तो बळकट होत नाही. जेथे भार पडतो त्या मुळाशी माल घालावा लागतो. ते मूळ म्हणजे आपली शिकती मुले. सभेने सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.