हिशोबातली एक चुकीची नोंद

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, "तुम्ही अकरा वर्षं खजिनदार होता, पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर बोला." मी हो म्हटलं. पण जुनी मिनिटबुकं चाळताना माझ्याच अक्षरातली एक नोंद सापडली आणि विषय बदलला. जुलै २०१६ च्या कमिटी मीटिंगची ती नोंद आहे. 'खजिनदारांनी घरगुती अडचणीमुळे राजीनामा दिला. तो खेदपूर्वक मंजूर करण्यात आला.'

ही नोंद खोटी आहे. तीस-पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने आपल्या हाताने लिहिलेली खोटी नोंद. आज ती दुरुस्त करायची आहे.

त्या वेळी बिल्डिंगला रंग काढायचं काम चाललं होतं. कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावरून सभेत जोरदार वादावादी झाली होती, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की मी रुसलो. कोणी म्हणालं, "अपमान लागला." कोणी म्हणालं, "काहीतरी गडबड असणार, म्हणून सुटका करून घेतली." ते माझ्या कानावर आलं होतं. मी काही बोललो नाही, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ही बदनामी मला परवडली. बघा, पैशाची अफरातफर केली असं लोकांना वाटलं तरी चालेल, पण मन आजारी आहे हे कळता कामा नये! आपण ठाण्यात राहणारी माणसं. "ह्याला ठाण्याला पाठवा" हा विनोद आपण बाहेरगावच्या पाहुण्यांकडून किती वेळा ऐकलाय. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. म्हणजे हा विनोदही शंभरेक वर्षांचा असणार. मी स्वतःही त्यावर हसलेलो आहे.

तर मला झालं होतं नैराश्य. डॉक्टरी भाषेत डिप्रेशन.

२०१५ साली मी रिटायर झालो. पहिले सात-आठ महिने छान गेले. मग पहाटे साडेतीनला जाग यायला लागली. रोज. जाग आली की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. पेपर उघडला की एकच ओळ चार-चारदा वाचायचो. मेंटेनन्सच्या पावत्या मी पूर्वी सीरियल बघता बघता लिहीत असे, तिथे एका पावतीला अर्धा तास लागायला लागला. आकडे डोळ्यांसमोर असायचे पण बेरीज होत नसे. जेवणाला चव नव्हती. नातू व्हिडिओ कॉलवर बोबडं बोलायचा आणि मला काहीच वाटायचं नाही. हे सगळ्यात भयंकर. दुःख झालं असतं तर समजलं असतं. पण रडूसुद्धा यायचं नाही.

मी माणसांना टाळायला लागलो. दाराच्या भिंगातून बघायचो, लॉबी रिकामी झाली की मगच लिफ्टचं बटण दाबायचो. तुमच्यापैकी कित्येकांच्या बेलला मी घरात असून दार उघडलेलं नाही. त्याची आज माफी मागतो.

ज्यांना ज्यांना थोडं कळलं, त्यांनी आपुलकीने सल्ले दिले. फिरायला जा. मन रमवा. पोथी लावा. आणि एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं, "तुम्हाला काय कमी आहे?"

ह्या वाक्याबद्दल मला आज मुद्दाम बोलायचंय. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मी हिशोबी माणूस. मी खरंच रात्री बसून हिशोब मांडला. घराचं कर्ज फिटलेलं. पेन्शन चालू. मुलगा-सून मार्गी लागलेले. बायको धडधाकट. म्हणजे कमी काहीच नाही. मग तरीही मला असं होतंय, म्हणजे खोट माझ्यातच आहे. मी कृतघ्न आहे, नालायक आहे, घरावरचा बोजा आहे. तिथून पुढची पायरी म्हणजे, आपण नसलो तर ह्यांचं बरंच होईल. तिथपर्यंत मी पोचलो होतो. धीर देण्यासाठी विचारलेल्या त्या प्रश्नाने मला चार पायऱ्या खाली नेलं.

मधुमेह झालेल्याला आपण विचारत नाही, "घरात सगळं असताना तुम्हाला साखर कशी झाली?" मनाच्या आजाराला कधी कारण दिसतं, कधी दिसत नाही. आनुवंशिकता असते, मेंदूतली रसायनं असतात, आयुष्यातले बदल असतात, स्वभाव असतो. सगळ्यांची सरमिसळ असते.

आमच्या सौ.ने शेवटी ऐकलं नाही. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थायरॉईड, बी-१२, साखर असं सगळं तपासून घेतलं, कारण थायरॉईड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी अशी मरगळ येऊ शकते. रिपोर्ट चांगले आले, तेव्हा त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. त्या दिवशी मी रिक्षा एक गल्ली आधीच सोडली. खाली भेटलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, "दातांच्या डॉक्टरकडे चाललोय." पुढचे सहा महिने माझे दात फार दुखत होते, हे काही जणांना आठवत असेल!

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "किती दिवस?" मग मला फरक समजावून सांगितला. मन उदास होणं हा आजार नाही. माणूस गेला तर दुःख होणारच, परीक्षा आली तर काळजी वाटणारच. ह्या भावना येतात, चढतात, ओसरतात. मधे कोणी जुना मित्र भेटला तर माणूस घटकाभर हसतोही. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल आणि रोजची कामं अडत असतील, तर वाट बघत बसू नये. तपासून घ्यावं.

मग त्यांनी सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" सौ. शेजारी बसली होती. मी मान हलवली. ती रडली, आणि मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. असं विचारल्याने त्या माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. उलट त्याला बोलायला जागा मिळते. त्या दिवसापासून गोळ्या सौ.च्या ताब्यात राहिल्या आणि काही आठवडे मला घरात एकटं ठेवलं नाही.

गोळ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. माझं तोंड कोरडं पडायचं, गरगरायचं. आठव्या दिवशी मी म्हटलं, बंद. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस जरा बदलला. ह्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. पण एकदम बंदही करायच्या नसतात, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या असतात. बरं वाटल्यावरही मी त्या बरेच महिने घेतल्या. बरं वाटलं म्हणून थांबणं ही सगळ्यात मोठी चूक असते.

जोडीला समुपदेशन होतं. अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक पद्धत आहे, विवेकनिष्ठ उपचारपद्धती. मराठीत ती कि. मो. फडके ह्यांनी रुजवली. त्यातलं मला समजलेलं सार असं, की घटना आणि भावना ह्यांच्या मधे आपला विचार उभा असतो. माझ्या समुपदेशक बाईंनी मला आठवडाभर एकच काम दिलं. मनात येणारी वाक्यं वहीत लिहायची आणि त्यातला प्रत्येक 'च' अधोरेखित करायचा. 'हिशोब जुळलाच पाहिजे.' 'माझी चूक होताच कामा नये.' 'लोकांनी मला मानलंच पाहिजे.' पानभर 'च' निघाले! मग एकेक 'च' काढून वाक्य पुन्हा लिहायचं. 'हिशोब जुळला तर फार बरं. नाही जुळला तर उद्या पुन्हा बघू.' हे ऐकायला पोरखेळ वाटतो. पण राग, भीती, अपराधीपणा ह्यांचा फणा त्या 'च'मध्ये असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मात्र एक सांगतो, आजार जोरात असताना मला हे वहीकाम जमलंच नसतं. आधी गोळ्यांनी जरा डोकं वर काढता आलं, मग वही. आणि कामंही अगदी छोटी असत. पहिल्या आठवड्यात फक्त अंथरुणाची घडी. दुसऱ्या आठवड्यात गेटपर्यंत जाऊन परत. वॉचमनने सलाम ठोकला की मला मॅरेथॉन पळाल्यासारखं वाटायचं.

आता तुमच्याबद्दल. ३०४ मधल्या काकूंनी त्या काळात दर गुरुवारी डबा पाठवला. काही विचारलं नाही. परत आलेल्या डब्यात भाजी तशीच असली तरी पुढच्या गुरुवारी डबा यायचाच. आणि दुसऱ्या मजल्यावरचे आमचे मित्र, ज्यांच्याशी त्या रंगाच्या बिलावरून माझी हातघाईपर्यंत आली होती, ते एका संध्याकाळी दारात उभे राहिले. म्हणाले, "मी तलावपाळीला चक्कर मारायला चाललोय. येता का? बोलायचं नाही हां काही." आम्ही खरंच बोललो नाही. दीड महिना रोज अर्धा तास न बोलता चाललो. ते आज पहिल्या रांगेत बसलेत आणि खाली बघतायत. साहेब, ते बिल तुमचंच बरोबर होतं.

मी भाग्यवान. सगळ्यांचं असं होत नाही. आपल्याच सोसायटीतल्या एका आजींनी घरकाम करणाऱ्या बाईंवर बांगडी चोरल्याचा आळ घेतला होता. हे मी त्या घराच्या परवानगीने सांगतोय. दोनदा घेतला. बाईंना आपण सगळ्यांनी मिळून गेटबंदी केली, त्या कमिटीत मीही होतो. वर्षभराने कळलं की आजींना स्मृतिभ्रंश होता. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि मग कुणीतरी नेली अशी खात्री वाटते, हे त्या आजारात नेहमी दिसणारं लक्षण आहे. बांगडी डाळीच्या डब्यात सापडली. त्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. आपल्याला माहिती नसण्याची किंमत एका निरपराध बाईने मोजली.

खजिनदार आहे म्हटल्यावर थोडे आकडे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, त्यात व्यसनंही धरली. आपली ९६ घरं. साधारण ३०० प्रौढ धरा. म्हणजे तीसेक माणसं. ह्या हॉलमध्ये, किंवा आत्ता घरात दार लावून. आणि त्या पाहणीनुसार बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते.

मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्क दिलाय. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे असं तो सांगतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मी पूर्ण बरा झालो का? झालो. आणि २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा आजारी पडलो. पहाटे साडेतीन परत सुरू झालं. फरक इतकाच की ह्या वेळी आठ महिने घालवले नाहीत, दहाव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. तेवढ्यावर निभावलं.

कमिटीपुढे दोन ठराव मांडतो. पहिला, लिफ्टशेजारच्या बोर्डावर प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि अँब्युलन्सच्या खाली १४४१६ हा नंबर लिहावा. खर्च शून्य. दुसरा, जुलै २०१६ च्या मिनिटबुकात 'घरगुती अडचण' खोडून तिथे 'आजारपण' असं लिहावं. माझी सही मी करून देतो.

आणि माझ्या दाराची बेल कधीही वाजवा. हल्ली मी उघडतो.

मागे चहा-वडे तयार आहेत.

— माजी खजिनदार, बी-विंग