विद्यार्थ्याला विद्यापीठ आपले वाटावे म्हणून

(नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी प्राध्यापक, वसतिगृहप्रमुख व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



विद्यापीठीय जीवनाविषयी आपला विद्यार्थी समाधानी आहे काय, हा प्रश्न आता औपचारिकपणे विचारला जातो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ साली आपली मूल्यांकनपद्धती सुधारली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण तिच्यात अंतर्भूत केले. हे योग्यच झाले. तथापि अशा सर्वेक्षणाची एक मर्यादा आपण ध्यानी घेतली पाहिजे. प्रश्नावली भरतो तो टिकून राहिलेला विद्यार्थी. जो पहिल्याच वर्षी निमूटपणे गावी परतला, त्याचे मत आपल्या कागदोपत्री येतच नाही. आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः त्याच्याविषयी.

विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतो, याची मीमांसा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडली. विद्यार्थी अध्ययनात आणि संस्थेच्या सामाजिक जीवनात कितपत सामावला जातो, यावर त्याचे टिकणे बहुतांशी अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे या विचारात पुष्कळ भर पडली. परंतु त्याचा गाभा महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे विविध समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. खेड्यातील मुलाला शाळेचे दार उघडून भागत नाही, त्याला शहरात राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्न हवे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. १९४७ साली तेथेच स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने गरीब विद्यार्थ्याला श्रमाच्या बळावर ताठ मानेने शिकता आले. समाधानाचा पाया सोयींबरोबरच या स्वाभिमानातही असतो.

आज घराण्यातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्यापुढील अडचणी वरकरणी किरकोळ दिसतात. वसतिगृहाची यादी उशिरा लागते. तोवर तो नातेवाइकाकडे अथवा भाड्याच्या खोलीत दिवस काढतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी त्याला खिडकीवर दोन शब्दांत सांगितली जाते; ती दूर कशी करावयाची, हे मात्र सांगितले जात नाही. वर्गात इंग्रजीतून चाललेले विवेचन समजले नाही, तरी हात वर करण्याचा त्याला संकोच वाटतो. यांपैकी एकेक गोष्ट सोसता येते; सर्व एकदम आल्या की ‘ही जागा आपल्यासाठी नाही’ असे त्याचे मन त्याला सांगू लागते.

निकालाचेही तसेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत तो जाहीर करावा, अशी तरतूद आहे. निकाल लांबला की पुढील प्रवेश व नोकरीची संधी अडते, आणि ज्याच्या घरी दुसरा आधार नाही, त्याला हा विलंब सर्वाधिक जाचतो.

समाधान म्हणजे लाड नव्हेत. शिस्तप्रिय प्राध्यापकांविषयी विद्यार्थ्यांना आदर वाटतो, तो त्यांनी वही वाचून चूक दाखविली म्हणून. आपल्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, ही जाणीव सुसज्ज इमारतीनेही भरून निघत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पहिल्या सत्रात प्रत्येक प्राध्यापकाने थोड्या विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यावी आणि त्यांची नावे, गावे व राहण्याची व्यवस्था जाणून घ्यावी. एखादा विद्यार्थी सलग आठवडाभर गैरहजर राहिला, तर त्याची चौकशी करावी. कार्यालयाने अर्ज परत करताना उपाय लिहून द्यावा. यासाठी वेगळ्या अनुदानाची आवश्यकता नाही. वर्षअखेरीस प्रश्नावलीतील गुणांबरोबरच, जूनमध्ये आलेल्यांपैकी कितीजण आपल्यात राहिले आणि जे गेले ते का गेले, हेही आपण मोजू या.