डोकं दुखतंय, हे सांगायचं

(लेहला पहिल्यांदाच निघालेल्या मैत्रिणींच्या तयारी-बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वेटर किती घ्यायचे, चिवडा कुणी करायचा, ही चर्चा मघापासून ऐकतेय. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठरवाल. मला बोलायचंय ते श्वासाबद्दल आणि आपल्या एका जुन्या सवयीबद्दल.

आपलं कळसूबाई १६४६ मीटर. लेह सुमारे ३५०० मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे दर श्वासाला प्राणवायूही कमी. शरीर सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि विमान तर दिल्लीहून दीड तासात आपल्याला तिथे नेऊन सोडतं. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसती विश्रांती. श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने गेलात, तर थोडी सवड मिळते.

‘मी रोज योगासनं करते, मला काही होणार नाही,’ असं मघाशी कुणीतरी म्हणालं. होऊ शकतं. विरळ हवेचा त्रास अंगातल्या ताकदीवर ठरत नाही. किती उंच गेलो, किती घाईने गेलो, यावर बरंचसं ठरतं.

पोचल्यावर पहिले काही तास छान वाटतं. सहा-बारा तासांनी डोकं दुखू लागतं, मळमळतं, जेवण नको होतं. आता सांगा, घरी डोकं दुखलं तर आपण काय करतो? पदर बांधून कणीक मळायला घेतो. सोसते ती चांगली बाई, हे आपल्यात इतकं मुरलंय! एका सहलीत आमच्याबरोबरची एक ताई रात्रभर ओकत होती, पण शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला तिनं उठवलं नाही. सकाळी म्हणाली, ‘तुमची पँगाँगची गाडी ठरली होती ना!’ पँगाँग ४२०० मीटरच्या वर. त्रास अंगावर काढून आणखी वर गेलं, तर फुफ्फुसात पाणी होतं किंवा मेंदूला सूज येते, आणि त्यात माणूस दगावतो. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, सरळ रेषेत चालता येईना, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. प्राणवायू लावायचा, दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं.

म्हणून रोज संध्याकाळी जोडीनं एकमेकींना विचारायचं. ‘बरं आहे ना?’ असं नाही. त्याला आपलं उत्तर ठरलेलं असतं. डोकं दुखतंय का? जेवलीस किती? चक्कर येतेय का? आणि ‘तुझ्यामुळे बेत बिघडला’ हे वाक्य गटात कुणी उच्चारायचं नाही. एखादीला खाली न्यावं लागलं, तर सोबत कोण जाईल आणि गाडीचे पैसे कुठून येतील, हे इथेच ठरवा.

दुसरी सवय पाण्याची. वाटेत संडास नसेल म्हणून पाणीच न पिणं, हा उपाय आपण शाळेपासून करत आलो. तिथली हवा कोरडी. तो चालणार नाही. ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगायची, दोघींनी चादर धरायची. ‘डायमॉक्स’च्या गोळीनं लघवी जास्त होते, हेही लक्षात ठेवा. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. दिवस गेले असतील, तर हा प्रवास पुढे ढकला. पाळी आली म्हणून मात्र काही अडत नाही. वापरलेले पॅड परत आणायचे; १९९८ साली लेहमध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली ती तिथल्या बायकांच्या संघटनेच्या रेट्यामुळे, त्यांच्या गावात आपण कचरा टाकून येऊ नये.

राहता राहिलं रक्त. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग आढळला. म्हणजे या खोलीतही आहेतच. प्राणवायू वाहायचं काम रक्ताचं, आणि लोहाच्या गोळ्यांनी ते भरून यायला महिने लागतात. सगळ्यांना खाऊ घालून उरलेलं आपण खातो, त्याचा हिशोब तिथे चुकवावा लागेल. निघायला अजून तीन महिने आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं हिमोग्लोबिनचा कागद आणायचा. तपासणीचा खर्च जिला जमत नसेल, तिनं आज चहाच्या वेळी मला गाठावं.