एक पाय कॅमेऱ्याचा, दोन आपले

माझ्या हातात ही काठी दिसते आहे, ती चालण्यासाठी नाही. हिला मोनोपॉड म्हणतात. तिपाईला तीन पाय, हिला एकच. वरच्या टोकाला कॅमेरा बसतो, खालचं टोक जमिनीवर टेकतं. आज हिच्याविषयी बोलायचं आहे. ही कशी निवडायची आणि घेतल्यावर वापरायची कशी. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण बऱ्याच लोकांच्या घरी ही काठी असते, पण कपाटाच्या मागे.

माझ्याकडेही ती दोन वर्षं गाडीच्या डिकीत पडून होती. मुलाने वाढदिवसाला दिलेली. सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर मी बडोद्याला घरी परतलो आणि फोटोग्राफीच्या नादाला लागलो. साठीनंतर उजव्या हाताला बारीक कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, वयाचा भाग आहे. बायको म्हणाली, "मग ती काठी वापरा की." मला 'काठी' हा शब्दच झोंबला. म्हटलं, अजून तेवढा म्हातारा झालो नाही.

त्या हट्टाची किंमत काय पडली, ते आधी सांगतो.

आमच्या पलटणीचा मेळावा होता. आमचे जुने सुभेदार मेजर साहेब आले होते. मी नवा सेकंड लेफ्टनंट म्हणून पलटणीत गेलो तेव्हा ते सुभेदार मेजर होते. फौजेत उभं कसं राहायचं हे मला त्यांनीच शिकवलं. आता वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. पायऱ्या चढताना मी हात पुढे केला, तर हसून म्हणाले, "साहेब, चार पायांचं टेबल डगमगतं. तिपाई कधी डगमगत नाही." आणि काठी टेकत स्वतःच वर गेले.

मग ते बोलायला उभे राहिले. १९७१ च्या लढाईत त्यांच्या कंपनीतले जे जवान परत आले नाहीत, त्यांची नावं त्यांनी एकेक करून घेतली. गावासकट. हातात कागद नाही. मांडवात कुणी हललं नाही. मी मागच्या रांगेतून झूम पूर्ण लांब करून, कॅमेरा हातात धरून अकरा मिनिटं रेकॉर्डिंग केलं. मोनोपॉड बाहेर गाडीत होता.

आठ महिन्यांनी सुभेदार मेजर साहेब गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला, तेराव्याला दाखवायला तो व्हिडिओ हवा होता. मी पाठवला. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. आधी आभार मानले, मग चाचरत विचारलं, "साहेब, जरा स्थिर असलेला दुसरा आहे का?"

दुसरा नव्हता. आवाज स्वच्छ आहे, पण चेहरा अकरा मिनिटं लाटांवरच्या होडीसारखा हलतो आहे. पहिली दोन मिनिटं ठीक, मग माझे दंड भरून आले, आणि शेवटच्या नावांपर्यंत पाहणाऱ्याला गरगरायला लागतं. त्या रात्री मी डिकीतून काठी काढली.

आता कामाचं बोलू.

मोनोपॉड काय करतो? कॅमेऱ्याचं वजन तुमच्या हातांवरून जमिनीवर नेतो आणि वर-खाली होणारी हालचाल जवळजवळ बंद करतो. काय करत नाही? डावी-उजवीकडे झुकणं आणि पुढे-मागे डुलणं तो थांबवत नाही. ते तुम्हाला थांबवावं लागतं. त्याला एकच पाय आहे, उरलेले दोन तुमचे. हे ज्याला कळलं त्याला अर्धा मोनोपॉड कळला.

फोटोसाठी जुना ठोकताळा असा, की लेन्स जितक्या मिलीमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतका तरी वेगवान शटर ठेवा. ४०० मिलीमीटरला १/४००. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडपट क्रॉपचा असेल तर १/६००. मोनोपॉड नीट वापरला तर यापेक्षा दोन स्टॉप हळू जाता येतं. १/४०० च्या जागी १/१०० चालतो. संध्याकाळच्या उजेडात हे दोन स्टॉप सोन्याच्या मोलाचे. पण लक्षात घ्या, मोनोपॉड तुमचा हात थांबवतो, पक्ष्याचा पंख नाही. उडणारा पक्षी टिपायला शटर वेगवानच लागतो.

खरेदीला जाल तेव्हा पहिली गोष्ट पाहा ती उंची. दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवील. तुम्ही मोनोपॉड पूर्ण उघडा, वर हेड आणि कॅमेरा लावा आणि सरळ उभे राहा. व्ह्यूफाइंडर डोळ्याशी यायला हवा, आणि तरीही काठी किमान अर्धा फूट शिल्लक राहायला हवी. का? बडोद्याजवळ डभोईच्या बाजूला वढवाणा तलाव आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला. २०२१ पासून रामसर यादीत आहे. मी हिवाळ्यात तिथे जातो. तलावाच्या पाळेवर उभं राहिलं की उतारावर टेकलेला मोनोपॉडचा पाय माझ्या पायांपेक्षा खाली जातो. सपाट फरशीवर पुरेशी वाटलेली काठी तिथे आखूड पडते. वाकून उभं राहावं लागलं की कंबर दुखते, आणि दुखऱ्या कमरेचा माणूस स्थिर राहत नाही.

दुसरी गोष्ट, भाग किती. चार-पाच भागांचा मोनोपॉड घडी केल्यावर लहान होतो, पिशवीत मावतो; पण सगळ्यात खालचा भाग बारीक असतो आणि लवतो. तीन भागांचा जास्त ताठ, उघडायला झटपट. प्रवास जास्त असेल तर चार भागांचा घ्या, पण उघडताना आधी वरचे जाड भाग उघडा, बारीक भाग शेवटी, गरज पडली तरच.

तिसरी गोष्ट, कुलूप. फिरवून घट्ट करायचं किंवा खटका दाबून बसवायचं, असे दोन प्रकार असतात. दोन्ही चांगले. माझ्या वयाच्या मंडळींना मी खटक्याचं सुचवतो. बोटं आखडली असली, हातमोजे असले तरी उघडतं, आणि बंद झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं. फिरवायच्या कुलपात वाळू गेली तर करकरतं. समुद्रावरून आलात की पुसून घ्या.

वजन पेलण्याची क्षमता तुमच्या सामानाच्या दुप्पट धरा. १५०-६०० मिलीमीटरची लेन्स साधारण दोन किलोची असते, कॅमेऱ्यासकट तीनच्या आसपास. मग सहा किलो पेलणारा घ्या. ॲल्युमिनियम स्वस्त आणि टिकाऊ. कार्बन फायबर हलका, थंडीत हाताला गार लागत नाही, पण महाग. पहिला मोनोपॉड ॲल्युमिनियमचा घेतलात तरी काही बिघडत नाही.

वरचं हेड. इथे बरेच जण चुकतात. तिपाईवरचं बॉल हेड मोनोपॉडवर लावतात आणि जड लेन्स धाडकन बाजूला कलंडते. मोनोपॉडला फक्त पुढे-मागे झुकणारं साधं हेड पुरतं. बाकीच्या दिशांना काठीच वळते. लांब लेन्सला स्वतःची पट्टी असेल तर काठी त्या पट्टीला जोडा, कॅमेऱ्याच्या तळाला नको. नाहीतर सगळा भार कॅमेऱ्याच्या तोंडावर येतो. स्क्रू दोन मापांचे असतात, पाव इंच आणि तीन-अष्टमांश इंच. माप जुळवणारी छोटी पितळी चकती मिळते, तीही घेऊन ठेवा.

आता वापर. फौजेत फायरिंग शिकवताना नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मराठीत शिस्त म्हणजे वेगळं, पण मला दोन्ही अर्थ इथे लागू वाटतात. रायफल हाताच्या जोरावर धरत नाहीत, हाडांवर टेकवतात. स्नायू थकतात, हाडं थकत नाहीत. एलएमजीला तर पुढे दोन पायच असतात. तरण्याबांड जवानाला टेकू घ्यायची लाज वाटत नाही. लाज मला वाटली होती, कॅमेरा धरताना.

तर उभे राहा. दोन्ही पायांत खांद्याइतकं अंतर. मोनोपॉडचा पाय तुमच्या पायांच्या रेषेत नको, एक-दीड फूट पुढे टेकवा. तीन बिंदूंचा त्रिकोण झाला पाहिजे. आता काठीवर किंचित रेला, म्हणजे काठी तुमच्याकडे झुकेल. कोपरं छातीला लावा. कॅमेरा कपाळाला टेकवा. डावा हात काठीच्या वरच्या भागावर किंवा लेन्सवर ठेवून हलकेच खाली दाबा. तो दाब काठीला जमिनीत रोवतो. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा, आणि बटण हळू दाबा. ट्रिगर दाबतात तसं. झटका द्यायचा नाही.

बाजूला झाड, खांब, भिंत असेल तर खांदा टेकवा. खुर्चीवर बसला असाल तर काठी आखूड करून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरा. कार्यक्रमात ही बैठक फार उपयोगी, मागच्यांना अडथळाही होत नाही. आणि कॅमेऱ्याचा पट्टा नेहमी गळ्यात. स्क्रू सैल झाला तरी कॅमेरा जमिनीवर जाणार नाही.

व्हिडिओसाठी काठीच्या तळाला तीन छोटी पावलं असलेले मोनोपॉड मिळतात. डुलणं खूपच कमी होतं. पण ती पावलं काठीला मदत करतात, तुमची जागा घेत नाहीत. मी एकदा तसाच उभा ठेवून चहाचा कप घ्यायला वळलो. वाऱ्याची एक झुळूक आली, आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर अजून ओरखडा आहे. हात सोडायचा नाही.

कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा असेल, तर पाय जिथे शॉट संपणार त्या दिशेला ठेवा आणि कमरेतून वळून सुरुवात करा. मग शॉट संपताना शरीर सैल होत जातं, ताणलं जात नाही. सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच सेकंद थांबा. आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. चित्र लुकलुकत नाही.

मोबाइलवाल्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. मोबाइल पकडणारा साधा चिमटा काठीवर लावा. चालताना शूटिंग करायचं असेल तर काठी थोडी उघडून मध्यावर धरा. खाली लोंबणाऱ्या वजनामुळे मोबाइलचं डोलणं कमी होतं.

काही ठिकाणी तिपाईच हवी, हेही सांगतो. रात्रीचं आकाश, मिनिटभराचं एक्स्पोजर, तासाभराचं कीर्तन एकाच जागेवरून, किंवा तुम्हाला स्वतःला फोटोत यायचं असेल, तर मोनोपॉडचा हट्ट धरू नका. मोनोपॉडची जागा गर्दीत, चालत्या कार्यक्रमात, पक्ष्यांच्या मागे. संरक्षित स्मारकांत तिपाईला परवानगी लागते, आणि पहारेकरी मोनोपॉडलाही स्टँड समजू शकतो. आधी विचारा, वाद घालू नका. विमानाने जाताना काठी चेक-इन सामानात टाका, विशेषतः खाली लोखंडी टोक असेल तर.

वढवाण्याला हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात. नोकरीत असताना मी त्यांना लडाखमध्ये त्सो मोरीरीच्या काठावर पाहिलं होतं, जिथे ते घरटी करतात. हिमालय ओलांडून येणारा पक्षी. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. आता कॅमेरा आहे तर हात थरथरतो. गेल्या हिवाळ्यात पाळेवर काठी टेकवून तासभर उभा राहिलो आणि पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे माझ्या फोटोत स्वच्छ आले.

पण मला जास्त समाधान वेगळ्याच गोष्टीचं आहे. पलटणीच्या पुढच्या मेळाव्यात मी पहिल्या रांगेत बसलो, काठी गुडघ्यांत धरून. त्या दिवशी सात जुने जवान बोलले. सातही जणांचे चेहरे स्थिर आहेत. त्यांतले दोघे आज नाहीत, आणि त्यांच्या घरून मला दुसरा व्हिडिओ मागणारा फोन आला नाही.

तुमच्या घरी कुणी आजी असेल, मामा असतील, शेजारचे मास्तर असतील. या रविवारी त्यांच्यासमोर खुर्ची टाका, काठी गुडघ्यांत धरा, दहा मिनिटं त्यांना बोलू द्या. मोनोपॉड नसेल तर झाडूच्या दांड्याला टेकवून मोबाइल धरा. तोही चालतो, मी करून पाहिलं आहे.

जय हिंद.