घार टिपताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वसईच्या किल्ल्यावर, मिठागरांवर घारी घिरट्या घालताना आपण नेहमी पाहतो. पण फोटो काढला, की उतरतो तो नुसता काळा ठिपका. दोष हाताचा नव्हे. मागचे आकाश उजळ असते, म्हणून कॅमेरा सारेच चित्र काळवंडून टाकतो. साध्या घारीसाठी उजेड एका स्टॉपने वाढवावा. ब्राह्मणी घारीचे डोके व छाती मात्र पांढरी. तेथे हात आखडता घ्यावा, नाहीतर पिसांची एकही रेघ उरत नाही.

उडती घार स्थिर दिसण्यास शटरचा वेग सेकंदाचा १/२००० इतका हवा. त्यापायी आयएसओ वाढला तरी चालेल. दाणेदार चित्र निभावते, हललेले सुधारत नाही.

मग संगणकावर सावल्या थोड्या उजळाव्या, कडा छाटाव्या. पण शेपटी छाटू नये. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, ब्राह्मणीची गोल, ओळख तीच. दुसरे आकाश तर मुळीच जोडू नये.

शेवटी एक विनंती. हिवाळ्यापासून घारी उंच झाडांवर घरटी करतात. आपण जवळ गेलो, की मादी उठते, अंडी उघडी पडतात आणि कावळ्यांचे फावते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरट्यास धक्का लावणे गुन्हा आहे. म्हणून भगिनींनो, घरट्याचा फोटो घेऊ नये, त्याचा ठावठिकाणाही कोणास सांगू नये. आकाशातली घार उद्याही भेटेल.