फेड ज्याची त्याला



ज्यू परंपरेतला पश्चात्ताप आणि क्षमा हा विषय मराठी मंडळात कशाला, असं कुणाला वाटलं असेल. पण मराठी ही ज्यांची मायबोली आहे असा ज्यू समाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. ते बेने इस्राएल, आपले शनवार तेली. त्यांच्यातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत प्रार्थनालय बांधलं आणि आज ते 'शार हाराहामीम', म्हणजे दयेचं द्वार, या नावानं ओळखलं जातं. तेव्हा आजचा विषय अगदीच परक्यांचा नाही.

या विषयाचा मुख्य दिवस योम किप्पूर. तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. जवळजवळ पंचवीस तासांचा निर्जळी उपास असतो आणि पापांची कबुली पुन्हा पुन्हा म्हटली जाते. मध्ये कुणी पुरोहित ऐकायला बसलेला नसतो, बोलायचं ते थेट देवाशी. हिब्रू अक्षरांच्या क्रमानं पापांची यादी येते आणि सगळी वाक्यं 'आम्ही'ची असतात. मी आयुष्यात चोरी केली नाही म्हणून तेवढा शब्द गाळायची मुभा नाही. चोरी समाजात झाली, तर कबुलीही समाजाचीच.

एवढं ऐकून वाटेल, दिवसभर उपाशी राहिलं की पाटी कोरी. इथंच मिश्ना आडवी येते. इसवी सन २००च्या सुमारास सिद्ध झालेली ही धर्मसंहिता सांगते, की देवाविरुद्धच्या पापांचं क्षालन या दिवशी होतं. माणसाविरुद्धच्या पापांचं मात्र होत नाही, जोवर त्या माणसाची समजूत घातलेली नाही. शेजाऱ्याकडून उसने घेतलेले पैसे देवळाच्या दानपेटीत टाकले, तर शेजाऱ्याचं देणं फिटत नाही. आणि 'आत्ता पाप करतो, योम किप्पूर पाहून घेईल' असा हिशेब मांडणाऱ्याला तो दिवस उपयोगी पडत नाही, असंही मिश्ना बजावते.

मग समजूत घालायची कशी? आधी भरपाई. कुणाला जखमी केलं, तर पाच गोष्टींचे पैसे मोजायचे: कायमचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली कमाई आणि अपमान. हे सगळं मोजल्यावरही तोंडानं क्षमा मागेपर्यंत सुटका नाही. पैसा आणि शब्द, दोन्ही लागतात.

पण शास्त्र फार कडक झालं, तर माणूस सुधारायचाच थांबेल, हेही ज्यू धर्मपंडितांनी ओळखलं होतं. चोरलेली तुळई घराला लावली, तर काय करायचं? शम्माई या पंडिताचे अनुयायी म्हणाले, घर पाडा आणि तुळई परत द्या. हिल्लेल या दुसऱ्या पंडिताचे अनुयायी म्हणाले, तिची किंमत द्या. अख्खं घर पाडावं लागणार असेल, तर चोरी कबूल करायला येणार कोण? शेवटी हिल्लेलपक्षाचं म्हणणं मान्य झालं.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या वैद्य-पंडितानं पश्चात्तापावर दहा अध्याय लिहिले. खरा पश्चात्ताप कुणाचा? तेच पाप करण्याची तीच संधी पुन्हा आली, अंगात ताकदही आहे, आणि तरी जो हात मागे घेतो, त्याचा. ज्याला दुखावलं तो ऐकत नसेल, तर तीन-तीन मित्र घेऊन तीनदा जायचं. तरीही तो बधला नाही, तर आता पापी तो. तो मेला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी कबुली द्यायची.

अब्राहम हेशेल या विचारवंतानं सांगितलेली एक गोष्ट आहे. ब्रिस्क गावचे थोर रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आगगाडीनं निघाले होते. पत्ते कुटणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांनी त्यांना खेळायला बोलावलं. ते नाही म्हणाले, तेव्हा एकानं कॉलर धरून त्यांना डब्याबाहेर काढलं. हे कोण आहेत ते गाव आल्यावर कळलं आणि तो गृहस्थ माफीसाठी खेटे घालू लागला. रब्बी नाहीच म्हणत राहिले. अखेर त्यांनी आपल्या मुलाला कारण सांगितलं: मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं अपमान केला तो एका साध्या माणसाचा. माफी त्या साध्या माणसाकडे मागावी.

हेशेलनं ही गोष्ट सांगितली ती सायमन विझेन्थाल यांच्या 'द सनफ्लॉवर' या पुस्तकातल्या प्रश्नाला उत्तर म्हणून. विझेन्थाल नाझींच्या छळछावणीत कैदी होते. ज्यूंच्या हत्याकांडात सामील झालेल्या एका मरणासन्न एसएस सैनिकानं 'कुणीतरी ज्यू' हवा म्हणून त्यांना बोलावून घेतलं आणि क्षमा मागितली. विझेन्थाल काही न बोलता निघून गेले. पुढे त्यांनी अनेकांना विचारलं, मी काय करायला हवं होतं? उत्तरं पुष्कळ आली. ज्यू परंपरेचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं: मेलेल्यांच्या वतीनं माफ करण्याचा अधिकार जिवंतांना नाही. म्हणूनच त्या परंपरेत खुनासारखं भयंकर दुसरं पाप थोडंच आहे.

आपल्याकडे मंडळं फुटतात, भाऊ अबोला धरतात आणि वर्षाअखेर सगळ्यांना मिळून एकच 'चुकलंमाकलं माफ करा' असा संदेश जातो. मित्रहो, तो संदेश पाठवू नका. ज्याचं देणं लागता त्याच्या दारात जा, हिशेब चुकता करा आणि काय चुकलं ते नाव घेऊन सांगा. आणि कुणी तुमच्या दारात आलं, तर त्याला तीनदा यायला लावू नका.